चौदा नंबरचं पंपिंग स्टेशन

२००० सालचे सुरुवातीचे महिने. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, ब्रिस्बेनच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर, मरूची शायर नावाचा किनारी भाग. तिथल्या मैलापाण्याच्या जाळ्यात बिघाडांचं सत्र सुरू होतं आणि तपास करता करता बोट एका ठिकाणाकडे वळलं: पंपिंग स्टेशन नंबर १४. जाळं बिघडवणारे संदेश तिथूनच येत होते. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ स्वतः त्या स्टेशनवर गेला. सगळं तपासलं. स्टेशन व्यवस्थित चालू होतं. कुणी छेडछाड केल्याची एकही खूण नव्हती.

मग त्याने त्या स्टेशनचा ओळख क्रमांक बदलला. १४ चा ३ केला. आता खऱ्या स्टेशनचा प्रत्येक संदेश ३ या क्रमांकाने येणार होता. यापुढे १४ या क्रमांकाने काहीही आलं, तर ते पाठवणारा कुणी भलताच आहे हे नक्की.

१६ मार्चला १४ नंबर बोलला.

औद्योगिक यंत्रणांच्या सुरक्षेबद्दल बोलताना मरूचीचं उदाहरण हमखास येतं, आणि बहुतेक वेळा ते एका ओळीत उरकलं जातं: नाराज माणसाने रेडिओवरून पंप बंद केले आणि मैला नदीत गेला. मला मात्र हा क्रमांक बदलण्याचा प्रसंग त्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो. हल्ला ज्या उणिवेवर उभा होता, तीच उणीव हाताशी धरून तंत्रज्ञाने हल्लेखोराचं अस्तित्व सिद्ध केलं. त्या यंत्रणेत क्रमांक हीच ओळख होती. जो स्वतःला १४ म्हणवेल, तो १४. सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून ते सविस्तर मांडतो.

जमिनीखालचं जाळं

मैलापाणी शक्यतो उतारानेच वाहून न्यायचं असतं. पण सपाट किनारी भागात पाइप किती खोल न्यायचा याला मर्यादा येते. म्हणून ठिकठिकाणी जमिनीखाली विहीर बांधतात. पाणी तिथे जमतं, पंप ते उचलून पुढे उंचावर सोडतात, तिथून पुन्हा उतार. मरूचीत अशी १४२ पंपिंग स्टेशनं होती. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास.

प्रत्येक विहिरीत पातळीच्या खुणा ठरलेल्या असतात. पाणी पहिल्या खुणेपर्यंत चढलं की एक पंप सुरू होतो, आणखी चढलं की जोडीचा दुसरा, त्याहून वर गेलं की अलार्म. अलार्म वाजला की माणूस गाडी काढून निघतो. इथे वेळेचा हिशेब लक्षात घेतला पाहिजे. तीन मीटर व्यासाची विहीर धरा; तिचं क्षेत्रफळ सुमारे सात चौरस मीटर. सेकंदाला दहा लिटर पाणी येत असेल आणि पंप थांबले, तर पातळी मिनिटाला साडेआठ सेंटिमीटर चढते. अलार्मची खूण आणि ओसंडायची कड यांत एक मीटर अंतर असेल, तर बारा मिनिटं मिळाली. वरच्या बाजूच्या पाइपांतही पाणी तुंबून राहतं, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त वेळ मिळतो, पण हिशेब तासांचाच असतो, दिवसांचा नाही. आणि अलार्म वाजलाच नाही, तर हा सगळा वेळ कुणाच्याही नकळत निघून जातो. पहिली खबर मग रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या नाकाला लागते.

मरूचीच्या स्टेशनांवर पीडीएस कॉम्पॅक्ट ५०० नावाचे छोटे नियंत्रण संगणक, म्हणजे कंट्रोलर, होते. पंप चालू-बंद करायचा, अलार्म आणि आकडे मध्यवर्ती संगणकाकडे पाठवायचे, तिथून आलेल्या सूचना पाळायच्या, हे त्यांचं काम. देखरेखीला दोन संगणक. मधलं सगळं बोलणं खासगी टू-वे रेडिओवरून, संदेश पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटर स्टेशनांमार्फत, तीन फ्रिक्वेन्सींवर. केबल टाकायची नाही, टेलिफोनच्या तारांवर अवलंबून राहायचं नाही. विस्तीर्ण भागात पसरलेल्या १४२ ठिकाणांसाठी रेडिओ ही अगदी शहाणपणाची निवड होती. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मागे वळून बघताना रेडिओलाच दोष देण्याचा मोह होतो. रेडिओवर कुणीही ऐकू शकतं आणि कुणीही बोलू शकतं, हे रेडिओच्या स्वभावातच आहे. आलेला संदेश खरंच आपल्याच स्टेशनचा आहे का, हे पडताळायची सोय त्यावर चालणाऱ्या यंत्रणेत नव्हती.

बिघाड की माणूस

ही यंत्रणा हंटर वॉटरटेक या ऑस्ट्रेलियन कंपनीने बसवली होती. कंपनीचा साइट सुपरवायझर साधारण दोन वर्षं या कामावर होता. ३ डिसेंबर १९९९ ला त्याने नोकरी सोडली. त्यानंतर त्याने मरूचीच्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे, नोकरीसाठी विचारणा केली. नंतर बघू, असं उत्तर मिळालं. जानेवारीत पुन्हा विचारलं, तेव्हा नकार आला.

फेब्रुवारीपासून यंत्रणा विचित्र वागू लागली. चालू व्हायचे तेव्हा पंप चालू होईनात. अलार्म मध्यवर्ती संगणकापर्यंत पोचेनात. मधूनच स्टेशनांशी संपर्क तुटायचा.

आता त्या नियंत्रण कक्षात बसलेल्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. यंत्रणा बसवून नुकतीच झालेली. नव्या यंत्रणेत सुरुवातीला खोड्या निघतातच. रेडिओचा संपर्क तुटणं ही तर रोजची गोष्ट. अँटेना हलली, हवामान बिघडलं, दोन स्टेशनं एकाच वेळी बोलली, कारणं हवी तितकी. पंप ट्रिप होण्याची, म्हणजे आपोआप बंद पडण्याची, कारणं त्याहून जास्त: चिंध्या अडकतात, पाण्यावर तरंगून पातळी ओळखणाऱ्या फ्लोट स्विचला मेदाचा थर चढतो, मोटर तापते. या धंद्यातल्या प्रत्येकाच्या मनात बिघाडांची लांबलचक यादी तयार असते आणि 'कुणीतरी मुद्दाम करतंय' ही शक्यता त्या यादीत २००० साली नव्हतीच. त्यांनी सॉफ्टवेअर पुन्हा बसवून पाहिलं. तपासण्या केल्या. फरक पडेना.

यात कुणाची चूक होती असं मला वाटत नाही. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर खराब झालेला कंट्रोलर आणि तोतया कंट्रोलर अगदी सारखेच दिसतात. दोन्हीकडून चुकीचे आकडे येतात, दोन्ही सूचना पाळत नाहीत. फरक कळायचा तर पडद्यावरून उठून विहिरीपाशी जावं लागतं, किंवा जाळ्यावरचा प्रत्येक संदेश नोंदवून ठेवावा लागतो. मरूचीत अखेर दोन्ही गोष्टी झाल्या. सगळी रेडिओ वाहतूक नोंदवायला सुरुवात झाली, आणि नोंदी बघितल्यावर तंत्रज्ञाच्या लक्षात आलं की यातले बरेचसे प्रकार यंत्राच्या बिघाडाचे नसून माणसाच्या हातचे आहेत. बिघडलेलं यंत्र एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा चुकतं. इथल्या चुका मात्र जागा बदलत होत्या.

१४, ३, १, ४

१६ मार्चला परत येऊ. त्या दिवशी पुन्हा गोंधळ सुरू झाला, आणि तंत्रज्ञाचा जाळ्यावरून थेट त्या तोतया १४ शी संवाद झाला. खरं १४ आता ३ या क्रमांकाने आपलं काम शांतपणे करत होतं. म्हणजे समोर जे काही होतं त्याला विहीर नव्हती, पंप नव्हता. कुठेतरी एक पीडीएस संगणक, एक रेडिओ आणि एक माणूस होता.

तंत्रज्ञाने आपल्या प्रोग्राममध्ये बदल करून १४ कडून येणारे संदेश वगळले. थोडा वेळ जमलं. मग त्याचाच संगणक काही काळ जाळ्याबाहेर फेकला गेला, आणि खोटे संदेश आता १ या क्रमांकाने येऊ लागले.

हल्लेखोर वगळला गेला हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने लगेच दुसरं नाव घेतलं. १४२ क्रमांकांपैकी कुठलाही घ्यायला त्याला काहीच खर्च नव्हता; सेटिंगमध्ये एक आकडा बदलला की झालं. बचाव करणाऱ्याला मात्र एक क्रमांक वगळायचा तर त्या क्रमांकाचं खरं स्टेशनही मुकं होतं. १४ च्या बाबतीत तंत्रज्ञाने आधीच खऱ्या स्टेशनला बाजूला काढलं होतं, म्हणून ते शक्य झालं. सगळ्या १४२ स्टेशनांचे क्रमांक रोज कोण बदलत बसणार?

त्यानंतरचे आठवडे धावपळीचे गेले. मध्यवर्ती संगणकाच्या हातात नियंत्रण राहिलं नव्हतं, त्यामुळे माणसं गाड्या घेऊन स्टेशनामागून स्टेशन फिरून हाताने दुरुस्त्या करत होती. ही गोष्ट मला या प्रकरणात फार महत्त्वाची वाटते आणि ती क्वचितच सांगितली जाते. घुसखोरी किमान ४६ वेळा झाली, पण प्रत्येक वेळी मैला बाहेर आला नाही. मधे उभी होती ती माणसं, ज्यांना विहिरीचं झाकण उघडून पातळी बघता येत होती आणि पंप हाताने चालू करता येत होता.

आठ लाख लिटर

जिथे ती पोचू शकली नाहीत तिथे मैला बाहेर आला. एकंदर सुमारे आठ लाख लिटर कच्चं मैलापाणी उद्यानांत, ओढ्या-नद्यांत आणि एका मोठ्या हॉटेलच्या आवारात गेलं. पॅसिफिक पॅराडाइज भागातली गळती मोठी होती. वस्तीतल्या उघड्या नाल्याचा पाचशे मीटरहून जास्त भाग त्याने घाण केला आणि पाणी भरती-ओहोटीच्या कालव्यात उतरलं. सफाईला कित्येक दिवस लागले. पर्यावरण खात्याच्या प्रतिनिधीने नंतर सांगितलं की जलचर मेले, ओढ्याचं पाणी काळं पडलं आणि रहिवाशांना दुर्गंधी सहन होत नव्हती.

पाणी काळं का पडतं हे थोडं उलगडून सांगतो, कारण 'माहिती सुरक्षा' या शब्दांमागे काय पणाला लागलेलं असतं ते इथे दिसतं. घरगुती कच्च्या मैलापाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातील त्याचं माप, साधारण लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. २५० धरली तर आठ लाख लिटरला २०० किलो ऑक्सिजन लागतो. कोमट हवामानात स्वच्छ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला आठेक मिलिग्रॅमच असतो. म्हणजे हिशेबाने अडीच कोटी लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवण्याची ताकद या मैल्यात होती. प्रत्यक्षात तो एका ठिकाणी, एका वेळी सुटला नाही आणि कुजायलाही काही दिवस लागतात, त्यामुळे हा आकडा अंदाज देण्यापुरताच. पण अरुंद नाल्यात काय होतं ते त्यावरून कळतं. ऑक्सिजन संपला की मासे गुदमरतात. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर काम सुरू करतात, आणि खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो सडक्या अंड्यासारखा वास. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की काळं लोह सल्फाइड तयार होतं. ओढ्याचा काळा रंग हा रंगच मुळी ऑक्सिजन संपल्याचा पुरावा आहे.

रविवारची रात्र

२३ एप्रिल २०००, ईस्टरचा रविवार. संध्याकाळी साडेसातनंतर घुसखोरी सुरू झाली आणि नऊ वाजून गेल्यावर थांबली. या वेळेस हल्लेखोराने ४ नंबरच्या स्टेशनचं नाव घेतलं होतं आणि चार पंपिंग स्टेशनांचे अलार्म बंद केले होते. संशय एव्हाना एका माणसावर होता आणि त्याच्यावर पाळत होती. रात्री दहाच्या सुमारास पोलिसांनी त्याची गाडी अडवली. गाडीत लॅपटॉप होता, टू-वे रेडिओ होता, केबली होत्या आणि एक पीडीएस कॉम्पॅक्ट ५०० होता. हा तोच जुना साइट सुपरवायझर.

पुढची तपासणी वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावंसं वाटतं. गाडीतल्या पीडीएस संगणकाला दिलेला क्रमांक होता ४. लॅपटॉपमध्ये कंपनीने स्वतः तयार केलेला प्रोग्राम होता, पीडीएस संगणकांची सेटिंग बदलण्यासाठीचा. या जाळ्यात शिरायला तोच लागत होता आणि त्याचा दुसरा काही उपयोग नव्हता. तो फेब्रुवारीच्या अखेरीस लॅपटॉपवर पुन्हा बसवला गेला होता, १९ एप्रिलपर्यंत किमान ३१ वेळा वापरला गेला होता, आणि शेवटचा वापर २३ एप्रिलचा. पीडीएस संगणक तर कंपनीच्याच मालकीचा निघाला.

खटल्यात आरोपीचं म्हणणं होतं की लॅपटॉप अभ्यास, खासगी पत्रव्यवहार आणि घरच्या धंद्याच्या कामासाठी होता. बचाव पक्षाने आणखी एक मुद्दा मांडला: यातल्या काही घटना यंत्रणेच्या बिघाडाने किंवा कौन्सिलच्या कर्मचाऱ्यांच्या चुकीने झालेल्या असू शकतात. म्हणजे नियंत्रण कक्षात फेब्रुवारीत जो प्रश्न पडला होता तोच प्रश्न आता न्यायालयापुढे आला. रेडिओ वाहतुकीच्या नोंदी ठेवल्या नसत्या, १४ चा ३ केला नसता, तर या प्रश्नाला उत्तर देणं किती कठीण गेलं असतं! नोंदींमुळे एकेका घटनेबद्दल बोलता आलं. शिवाय त्या अटकेनंतर हे प्रकार थांबले, हेही होतंच. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. संमतीशिवाय संगणक वापरून नुकसान करण्याचे अनेक गुन्हे आणि पर्यावरणाला गंभीर हानी पोचवण्याचा एक गुन्हा सिद्ध झाला. गळतीच्या सफाईपोटी कौन्सिलला तेरा हजारांहून थोडे अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचाही आदेश झाला. २००२ मध्ये अपिलातही शिक्षा कायम राहिली.

काय अडवू शकलं असतं

पहिलं उत्तर कुणीही देईल: संदेशावर सही हवी होती. म्हणजे प्रत्येक स्टेशनला एक गुप्त किल्ली, आणि प्रत्येक संदेशासोबत त्या किल्लीने काढलेला एक छोटा पडताळणी कोड. किल्ली नसलेल्याला तो कोड काढता येत नाही. जुना संदेश रेकॉर्ड करून पुन्हा वाजवू नये म्हणून त्यात एक चढता अनुक्रमांक. हे तंत्र तेव्हा अस्तित्वात होतं; एचमॅक ही पद्धत फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या आरएफसी २१०४ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली होती.

मग वापरलं का नाही? एक कारण नेहमी दिलं जातं की संथ रेडिओला हा बोजा झेपत नाही. हिशेब करून बघू. सेकंदाला १२०० बिट नेणारा संथ रेडिओ धरला आणि प्रत्येक उत्तराला १६ बाइटचा कोड जोडला, तर एका स्टेशनमागे एक दशांश सेकंदाहून किंचित जास्त वेळ वाढतो. १४२ स्टेशनांची एक फेरी पंधरा सेकंदांनी लांबते. विहीर भरायला जिथे अनेक मिनिटं लागतात, तिथे पंधरा सेकंद सहज परवडतात. खरं कारण माझ्या मते वेगळं आहे. त्या काळच्या नियंत्रण यंत्रणा चुका पकडण्यासाठी बनवल्या होत्या. संदेशात वाटेत एखादा बिट उलटला तर चेकसम, म्हणजे संदेशातल्या आकड्यांवरून काढून शेवटी जोडलेली पडताळ्याची संख्या, तो पकडतो. पण चेकसम कुणालाही काढता येतो. खोटा संदेश पाठवणारा बरोबर चेकसम लावूनच पाठवतो. वीज आणि पाण्याच्या यंत्रणांत चालणाऱ्या मॉडबससारख्या जुन्या प्रोटोकॉलमध्येही, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीतही, पाठवणारा कोण आहे हे पडताळायची सोय नव्हती, आणि मॉडबस १९७९ पासून जगभर पसरलेला आहे.

पण इथे एक मोठी अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. हा माणूस बाहेरचा नव्हता. साइट सुपरवायझर या नात्याने किल्ल्या त्याच्याच हातून बसवल्या गेल्या असत्या. सह्यांची उत्तम व्यवस्था असती आणि त्याने किल्ल्यांची प्रत जवळ ठेवली असती, तर त्याचे संदेश अगदी खरे ठरले असते. म्हणून गणितापेक्षा तारीख महत्त्वाची ठरते: ३ डिसेंबर १९९९. त्या दिवशी काय काय परत घ्यायला हवं होतं? त्याला माहीत असलेली प्रत्येक किल्ली बदलायची. त्याच्याकडे असलेल्या प्रोग्रामच्या प्रतींचा हिशेब मागायचा. आणि भांडारातले कंट्रोलर मोजायचे. कंपनीच्या मालकीचा एक कंट्रोलर माजी कर्मचाऱ्याच्या गाडीत सापडला, ही गोष्ट मला कुठल्याही सॉफ्टवेअरच्या त्रुटीपेक्षा जास्त अस्वस्थ करते. मायटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासकाने सहलेखकासोबत २००८ मध्ये या प्रकरणाचा जो अभ्यास मांडला, त्यात कंत्राटदाराच्या माणसांना सुरक्षेचे नियम लागू असण्याचा मुद्दा ठळकपणे येतो. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने औद्योगिक नियंत्रणासाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही मरूचीची घटना नोंदलेली आहे.

दुसरी गोष्ट साध्या वायरची. विहिरीत सगळ्यात वर एक फ्लोट स्विच बसवायचा आणि तो संगणकाला वळसा घालून थेट पंपाच्या स्टार्टरला जोडायचा. पाणी तिथवर पोचलं की संगणक काहीही म्हणो, पंप चालू. त्याच फ्लोटवरून एक अलार्म वेगळ्या मार्गाने पाठवायचा, ज्याचा या रेडिओ जाळ्याशी संबंध नाही. रेडिओवरून कुणी कितीही हुशारीने बोललं तरी त्या वायरला ते ऐकू येत नाही. मैलापाण्याच्या कामात हे जुनंच शहाणपण आहे. नवा कंट्रोलर बसवताना 'आता याची गरज काय' म्हणून असल्या वायरी काढू नयेत, असं मला फार मनापासून वाटतं.

पाण्याला खोटं बोलता येत नाही

यापुढचा भाग संशोधनाचा आहे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो झपाट्याने वाढला. मूळ कल्पना अशी: संदेश खोटा असू शकतो, पण विहिरीतलं पाणी वस्तुमानाच्या नियमानेच चढतं-उतरतं. आलेलं वजा गेलेलं म्हणजे साठ्यातला फरक. एखादं स्टेशन सांगतंय की पंप चालू आहे आणि पातळीही उतरतेय. पण पुढच्या स्टेशनच्या विहिरीत त्या प्रमाणात पाणी पोचलेलं नाही. मग दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. १४२ स्टेशनं एकमेकांना पाणी देतात, म्हणून एका ठिकाणचं खोटं टिकवायचं तर खालच्या सगळ्या स्टेशनांचं आणि शुद्धीकरण केंद्राच्या प्रवाहमापकाचंही खोटं एका सुरात बोलावं लागतं. हल्लेखोराचं काम यामुळे कितीतरी अवघड होतं.

अशा पद्धती तपासायला खरं शहर वापरता येत नाही. सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइनमधल्या आयट्रस्ट केंद्राने २०१५ मध्ये स्वॅट नावाचं सहा टप्प्यांचं छोटं पण खरंखुरं जलशुद्धीकरण केंद्र उभारलं. तिथे अकरा दिवस सलग नोंदी घेतल्या: सात दिवस सुरळीत, चार दिवस मुद्दाम केलेले हल्ले, एकंदर ५१ सेन्सर आणि चालक उपकरणं. जगभरचे संशोधक आपले शोधक प्रोग्राम या नोंदींवर तपासतात.

पण ते पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचं जग आहे. तिथे आत येणारं पाणी मोजून येतं, झडप तुमच्या हातात असते. मैलापाण्यात आवक कुणीच ठरवत नाही. सकाळी आणि संध्याकाळी लाट येते, सुट्टीच्या दिवशी ती सरकते, आणि पाऊस पडला की पाइपांच्या सांध्यांतून, झाकणांतून जमिनीतलं पाणी शिरून आवक कितीतरी पटीने वाढते. सुरळीत दिवसांवर शिकलेला प्रोग्राम पहिल्या मोठ्या पावसात सगळीकडे हल्ला बघू लागतो. दोन-तीन रात्री असे खोटे इशारे आले की कर्मचारी तो बंद करून टाकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून पंपिंग स्टेशनांसाठी मला मुकाट निरीक्षण करणाऱ्या पद्धतींपेक्षा प्रश्न विचारणाऱ्या पद्धती जास्त आशादायक वाटतात.

यिलिन मो आणि ब्रुनो सिनोपोली यांनी २००९ मध्ये अशी एक पद्धत मांडली. नियंत्रकाने आपल्या सूचनांत एक छोटासा, यदृच्छ, फक्त त्यालाच माहीत असलेला बदल मिसळायचा. खरं यंत्र असेल तर त्या बदलाची छाया परत येणाऱ्या आकड्यांत उमटते. जुनी नोंद वाजवणाऱ्याकडून ती उमटत नाही. पुढे या पद्धतीला भौतिक वॉटरमार्किंग म्हणू लागले. मरूचीच्या तंत्रज्ञाने १४ चा ३ केला तेव्हा त्याने हाताने, एकदाच, याच्या जवळची गोष्ट केली होती: फक्त आपल्याला माहीत असलेला एक बदल, आणि मग कान देऊन ऐकत राहणं.

पंपिंग स्टेशनवर हे रोज करता येण्याजोगं आहे. समजा पंप सुरू होण्याची खूण १.२० मीटरवर आहे. मध्यवर्ती संगणक गुप्त क्रमाने ती कधी १.२३, कधी १.१८, कधी १.२५ करतो. विहिरीला काही फरक पडत नाही, पंपालाही नाही. पाऊस असो वा कोरडा दिवस, आवक कितीही असो, खरी विहीर १.२५ सांगितल्यावर १.२५ लाच उतरू लागते. ज्याला मध्यवर्ती संगणकाची ही सूचना ऐकू येत नाही, किंवा आली तरी सांकेतिक असल्याने उलगडत नाही, तो आपल्या गाडीत बसून १४ च्या नावाने कालचेच आकडे पाठवत राहतो, आणि त्याचं पाणी अजून १.२० लाच उतरतंय.